मुफद्दल मास्तरांचा कायदेशीर गांजा

ऐन जाउरा गावात ज्याने आयुष्यात कीफचं एकही रोप लावलं नव्हतं असा एकच माणूस होता, आणि तो गावच्या शाळेचा मास्तर होता. कीफ म्हणजे गांजाच, पण रीफच्या डोंगरात त्याला गांजा म्हणणं म्हणजे घरच्या शेळीला 'पशुधन' म्हणण्यासारखं आहे. तिथले लोक कीफ लावतात, त्यांचे आजे लावत, आणि पोलिसांचे आजे त्यांच्या आज्यांना पकडत. व्यवहार इतका जुना, की दोन्ही बाजूंना एकमेकांच्या घरची लग्नकार्यं ठाऊक असत. ह्या सगळ्यातून मुफद्दल मास्तर तेवढे बाजूला राहिले. तत्त्व म्हणून, असं ते स्वतः सांगत. आळस म्हणून, असं त्यांची बायको रहिमो सांगे.

बरं, जमीन नव्हती म्हणावं तर तसंही नाही. गावातलं सगळ्यात चांगलं ऊन डोंगरउतारावरच्या शेताच्या ज्या तीन पायऱ्यांवर पडायचं, त्या तिन्ही पायऱ्या मास्तरांच्या वडिलांनी मास्तरांसाठी ठेवल्या होत्या. त्यावर वर्षानुवर्षं काटेरी झुडपं आणि मास्तरांचं गाढव सोडून काही वाढलं नाही. गावकरी तिथून जाताना मान फिरवून जात. चांगली स्थळं येत असताना मुलगी घरात बसवून ठेवलेल्या बापाकडे लोक जसे बघतात, तसे ते मास्तरांकडे बघत.

सगळ्यात जास्त जीव जळायचा तो सासऱ्यांचा, बा हद्दूंचा. लग्नाच्या दिवशीच त्यांनी जावयाचा हात हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला होता, त्याच्या बोटांवरची खडूची पूड स्वतःच्या पायघोळ जलाब्याला पुसली होती आणि विचारलं होतं, "ह्या हातातून काही उगवतं का?"

"विद्यार्थी घडतात, बा," मास्तर म्हणाले होते.

तेव्हापासून जावयाचं नाव पडलं खडू. "खडू आला का? खडूला भाकरी वाढा. खडूला विचारा, पाऊस पडेल का, पुस्तकात असेल." मास्तर चाळीस वर्षांचे झाले, पन्नास वर्षांचे झाले, मुख्याध्यापक झाले, पण बा हद्दूंच्या तोंडून एकदाही 'मुफद्दल' म्हणून हाक आली नाही. एका ईदेला मास्तरांनी धीर करून विचारलंच. म्हातारा म्हणाला, "ज्या दिवशी तुझ्या हातून काही उगवेल, त्या दिवशी नावाने हाक मारीन. माझा शब्द आहे." मास्तर हसले, पण त्या दिवशी त्यांना मटण गेलं नाही.

आता इथे परातीबद्दल सांगायला हवं. गावाच्या अगदी वरच्या घरात खाला तामू राहायची. तिला सुईत दोरा ओवता येत नसे, पण खाली दरीत तिसऱ्या वळणावर पोलिसांची जीप आली की तिला ती बरोबर दिसायची. मग ती कणीक मळायची तांब्याची परात दारात उलटी टांगून मुसळाने बडवायला घ्यायची. परात वाजली की गाव हललं. कोणी उपटायचं, कोणी वाहायचं, कोणाच्या पाळण्यात, कोणाच्या सासूच्या गादीखाली काय जायचं, सगळं ठरलेलं. हे कोणी शाळेत शिकवलं नव्हतं, त्यामुळे कोणी विसरलंही नव्हतं. मास्तरांच्या वर्गात भागाकार चालू असताना परात वाजली, की मुलं खिडक्यांतून उड्या टाकून पळत. मास्तर शांतपणे फळ्यावर पुढचं गणित लिहीत आणि सगळ्यांची गैरहजेरी मांडत. त्यांच्याकडे लपवण्यासारखं काही नव्हतंच. एवढ्या वर्षांत परात त्यांच्यासाठी एकदाही वाजली नाही.

मास्तर निवृत्त झाले त्याच वर्षी सरकारने कायदा केला. औषधं बनवणाऱ्या कंपनीसाठी, परवाना काढून, मोजूनमापून कीफ लावायला हरकत नाही. गाव आठवडाभर ह्या बातमीवर हसलं. मास्तर मात्र हसले नाहीत. रात्रीची बिसारा, म्हणजे कडधान्याची दाट पेज, पिता पिता त्यांनी वाडगा खाली ठेवला आणि म्हणाले, "रहिमो, मी शेती करणार."

"कशाची?"

"कीफची. कायद्याने."

रहिमोने वाडग्यात डोकावून पाहिलं, बिसारात काही पडलं आहे का. मग म्हणाली, "अहो, मागच्या वर्षी कुंडीत पुदिना लावलात, तो मेला. पुदिना कुणाच्या हातून मरत नाही हो."

पण मास्तर हट्टाला पेटले होते. त्यांना पैसे नको होते, पेन्शन होतीच. त्यांना सासऱ्यांच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकायचं होतं, आणि तेही कायदा न मोडता. दुसऱ्या दिवशी कोट चढवून ते तालुक्याच्या कचेरीत गेले.

कचेरीतल्या कारकुनाने न बघताच विचारलं, "गाव?"

"ऐन जाउरा."

"गुन्हे किती?"

"एकही नाही."

आता कारकुनाने वर पाहिलं. "वॉरंट?"

"नाही."

"म्हणजे फरार आहात?"

"फरार असतो तर तुमच्यासमोर येऊन बसलो असतो का?"

"तसे बरेच येतात," कारकून म्हणाला. "हे बघा, ऐन जाउरातला माणूस आणि एकही गुन्हा नाही, हे कागदावर बरं दिसत नाही. तुम्ही खरंच तिथले आहात हे कशावरून? रहिवासाचा दाखला आणा."

दाखला द्यायचा गावच्या मुकादमाने. मुकादम मास्तरांचाच विद्यार्थी, तिसरीत दोनदा बसलेला. तो कितीतरी वेळ शिक्का हातात घेऊन नुसता बसून राहिला. "मास्तर, दाखला देतो मी. पण गुन्हा नाही असं लिहायचं म्हणजे... गावाचं नाव निघेल हो. मी लहानसा काहीतरी लिहू का? शेळी चोरली वगैरे?" मास्तरांनी बाणेदारपणे नकार दिला. त्या बाणेदारपणापायी दाखल्याला एक महिना लागला. मग कचेरीने सांगितलं, जमीन अजून वडिलांच्या नावावर आहे, सगळ्या चुलतभावांची संमती आणा. एक चुलतभाऊ रॉटरडॅमला होता. त्याने फोनवर आधी विचारलं की तुला बरं वाटत नाहीये का, आणि मग संमतीच्या बदल्यात ऑलिव्हच्या तेलाचे दोन डबे मागून घेतले.

शेवटी एकदाचा परवाना आला. कंपनीने प्लॅस्टिकच्या ट्रेमधून रोपं पाठवली. बुटकी, भरदार, परदेशी बियाण्याची. मास्तरांनी झुडपं तोडून घेतली, गाढवाला दुसरीकडे बांधलं, कमरेचा काटा ढिला होईपर्यंत रोपं लावली आणि शेताच्या तोंडाशी स्वतःच्या वळणदार अक्षरात पाटी ठोकली: 'सरकारमान्य पीक. हात लावू नये.'

दुपारपर्यंत अख्खा गाव बांधावर येऊन बसला. गावात सगळेच तज्ज्ञ होते आणि फुकट सल्ला देण्यासारखं दुसरं सुख नाही. शेजारच्या पायरीवरचा अल्लाल म्हणाला, "मास्तर, पाणी फक्त संध्याकाळी." त्याचा भाऊ म्हणाला, "संध्याकाळी पाणी घालून अल्लालचं वाटोळं झालं. सकाळी घाला." खत शेळीचं की मेंढीचं ह्यावरून दोन म्हाताऱ्यांचं इतकं पेटलं की त्यांनी एकमेकांच्या मुलींच्या लग्नातला हिशोब काढला. मशिदीचे इमाम लांब उभे राहून बघत होते. त्यांनी ह्या पिकाबद्दल जाहीरपणे कधी एक शब्द काढला नव्हता. जाता जाता मास्तरांच्या कानाशी येऊन ते हळूच म्हणाले, "शेळीचं. मी काही बोललो नाही."

कंपनीच्या कागदाप्रमाणे ह्यातलं काहीच करायचं नव्हतं. पण खरा स्फोट झाला तो मास्तरांनी कागदातलं पुढचं वाक्य वाचून दाखवल्यावर. ही सगळी रोपं मादीच आहेत, नर एकही नाही, आणि आसपासही नसावा.

बांधावरचे सगळे वळून रोपांकडे बघू लागले.

"एकही नाही?" खाला तामूने विचारलं. ती एवढ्यासाठी वरून खाली उतरून आली होती. "बिचाऱ्या!"

"कंपनीला तसाच माल लागतो, खाला. बी धरायला नको."

"मास्तर, लाजू नका," अल्लाल समजुतीने म्हणाला. "माझ्या शेतात दोनचार चांगले नर आहेत. उंच, खानदानी. एक आणून मध्ये लावतो, कुणाला कळणार नाही."

"खबरदार!" मास्तर ओरडले. "आणि तुझे आहेत तेही उपटून टाक. वारा तिकडून इकडे येतो."

अल्लालला हे लागलं. आपल्या नरांच्या चारित्र्यावर कोणी शिंतोडे उडवेल असं त्याला वाटलं नव्हतं. पण मास्तर ते मास्तर. दोन दिवस फुरंगटून शेवटी त्याने बांधालगतचे नर उपटले.

बा हद्दू सगळ्यात शेवटी आले. ऐंशी ओलांडलेला माणूस, काठी टेकत तिन्ही पायऱ्या चढला, एका रोपाचं पान दोन बोटांत चुरडून हुंगलं आणि म्हणाला, "वा! तीस वर्षं मुलांची शाळा चालवली, आता खडूने मुलींची काढली." गाव पोट धरून हसलं. मास्तरांचे कान तापले.

"बा, तुम्ही शब्द दिला होता. उगवलंय की नाही?"

"हे उगवलंय? हे कंपनीने उगवलं, तू नुसतं बसवलंस. सरकारचा माणूस येऊन मोजून जाऊ दे, वाढलं म्हणून सांगू दे. मग बघू."

म्हणजे आता सगळं त्या मोजणीवर आलं. मास्तरांनी डोळ्यांत तेल घालून शेत राखलं. प्रत्येक रोपाशेजारी नंबर लिहिलेली काडी रोवली. रोज सकाळी हातात छडी घेऊन ते तिन्ही पायऱ्यांवरून फिरत आणि हजेरी घेत. जी रोपं वाकडी वाढली त्यांना, "सरळ उभी राहा, भिंतीला टेकू नकोस," असं सांगत, आणि नवल म्हणजे रोपं ऐकत. उन्हाळा चढला तशी ती कमरेएवढी झाली, मग छातीएवढी. रहिमो भाकरी घेऊन आली की थोडा वेळ बांधावर बसून राही. एकदा तीही म्हणाली, "छान आलंय हो." तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मास्तरांना नवीन होतं.

मोजणीचा दिवस ठरला. शहरातून नवाल बाई म्हणून कृषी इंजिनियर येणार होत्या. मास्तरांनी जुम्म्याच्या नमाजानंतर सगळ्या गावाला बजावून सांगितलं, "बाई पांढऱ्या गाडीतून येतील. पांढऱ्या! कुणी काही गडबड करायची नाही." गावाने माना डोलावल्या.

त्या दिवशी मास्तर कोट घालून, टाय लावून, दरीतल्या पुलापर्यंत बाईंना घ्यायला उतरले. पांढरी गाडी आली होती खरी, पण पुलाच्या अलीकडे मोठ्या दगडावर बसली होती आणि तिच्या पोटातून तेल गळत होतं. बाई रस्त्याच्या कडेला टोपीने वारा घेत उभ्या होत्या. तेवढ्यात गस्तीवरच्या पोलिसांची जीप आली. जमादार सभ्य माणूस, म्हणाला, "बाईसाहेब, आम्ही वर सोडतो. मास्तर, तुम्हीही बसा." मास्तर आयुष्यात पहिल्यांदा पोलिसांच्या जीपमध्ये बसले, आणि तेही पुढच्या सीटवर.

तिसऱ्या वळणावर परात वाजली.

"हा कसला आवाज?" बाईंनी विचारलं.

"ते होय? गावाची जुनी पद्धत आहे," मास्तर टाय सरळ करत म्हणाले. इतकी वर्षं त्यांना त्या आवाजाशी काही देणंघेणं नव्हतं, तेव्हा आत्ताच कसं असेल? मागच्या सीटवर जमादाराने शिपायाकडे पाहिलं आणि शिपायाने बाहेर पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यांनी आवाज ओळखला नसता तरच नवल. पण बाईंसमोर कोण बोलणार?

रस्ता वळणावळणाचा होता, त्यात एका जागी शेळ्या आडव्या आल्या, त्या नेहमीच येतात. शेवटी जीप शेतापाशी थांबली. मास्तर रुबाबात उतरले, हात पसरून म्हणाले, "या बाईसाहेब, हे आमचं...," आणि तोंड उघडंच राहिलं.

तिन्ही पायऱ्या बोडक्या होत्या. मातीत खड्डे, आणि प्रत्येक खड्ड्याशेजारी नंबराची काडी ताठ उभी. पाटी जागच्या जागी होती. 'हात लावू नये.'

बांधावर बा हद्दू एकटेच बसले होते. हात कोपरापर्यंत मातीने भरलेले, दाढीत पानं अडकलेली, भात्यासारखी छाती वरखाली होत होती. जावयाला पाहून त्यांनी एक डोळा बारीक केला. मग पोलिसांकडे वळून अगदी गरीब तोंडाने म्हणाले, "साहेब, इथे कशाला चढलात? इथे कधी काही उगवलंच नाही. हा माझा जावई, खडू. ह्याच्या हातून गवतसुद्धा येत नाही. सगळ्या गावाला विचारा."

"आलं होतं!" मास्तर किंचाळले. "बा, काल होतं! बाईसाहेब, काल इथे छातीएवढं पीक होतं!"

"बाईसाहेब, त्याला ऊन लागलंय," बा हद्दू म्हणाले.

नवाल बाई खाली बसल्या, एका खड्ड्यात बोट घालून पाहिलं. माती ओली होती. उठून त्या थंडपणे म्हणाल्या, "मास्तर, परवान्यातलं प्रत्येक रोप मला दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर ते चोरट्या बाजारात गेलं असं मला धरावं लागेल. मग परवाना जातो, आणि तुम्ही ह्यांच्याबरोबर खाली जाता."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. ते गावाच्या दिशेने धावत सुटले. "अरे, आणा रे बाहेर! अल्लाल! आण बाबा, कायदेशीर आहे!"

दारं बंद. खिडक्यांच्या फटींतून डोळे. आतून कुजबुज ऐकू येत होती. "पोलिसांनी धरलंय त्यांना. बोलायला लावतायत." "बघ, कसा आवाज काढलाय बिचाऱ्यांनी." "मास्तर, घाबरू नका!" अल्लालने फटीतून हलकेच सांगितलं. "आम्ही मेलो तरी बोलणार नाही!" आणि खरंच, मास्तर जेवढे गयावया करत, तेवढा गावाचा निर्धार पक्का होत होता. ह्या गावाच्या इतिहासात पोलिसांदेखत कोणी लपवलेला माल परत आणला नव्हता.

मास्तर चौकात उभे राहिले. घामाने टाय चिकटला होता. समोरचा दरवाजान् दरवाजा त्यांच्या विद्यार्थ्याचा होता. आणि मग त्यांना आपलं एक जुनं वाक्य आठवलं. त्या वाक्यासरशी तीस वर्षं गोफणी, सुके अंजीर आणि क्वचित जिवंत सरडे टेबलावर आले होते. त्यांनी पाठ ताठ केली, चष्मा नाकावर खाली ओढला आणि आवाज चढवला.

"खिशात काय आहे ते टेबलावर!"

क्षणभर काही झालं नाही. मग एक कडी वाजली. अल्लाल, अडतीस वर्षांचा, चार मुलांचा बाप, मान खाली घालून बाहेर आला. त्याच्या मिठीत पाचसहा रोपं होती. "मास्तर, मी एकटा नव्हतो," तो पुटपुटला. त्याच्यामागून त्याचा भाऊ आला. मुकादम आला, त्याने रोपं शिक्क्यांच्या पेटीमागे ठेवली होती. खाला तामू शाळेत कधी गेली नव्हती, पण तिच्या दोन्ही सुना गेल्या होत्या, त्यांनी सासूची गादी उचलली. मशिदीच्या कोठीतून इमाम एक गाठोडं घेऊन आले आणि, "कोणी ठेवलं कोण जाणे," असं म्हणून ते मास्तरांच्या पायाशी ठेवून गेले. सगळा गाव रांगेने शेताकडे निघाला. रांग मोडणाऱ्याला मास्तर नावाने झापत होते.

मग ज्याने त्याने आपलं रोप खड्ड्यात उभं करून माती दाबली. नवाल बाई मोजत पुढे सरकू लागल्या. पहिल्या पायरीवर त्यांनी चष्मा पुसला. दुसऱ्या पायरीवर टोपी काढली.

"मास्तर, ही का वाकली आहेत?"

"नमस्कार करतायत, बाईसाहेब," अल्लालने मागून सांगितलं.

"आणि ही उंच, बारीक पानांची? ही कंपनीची नाहीत."

गर्दीत चुळबुळ झाली. घाईघाईत लपवताना स्वतःचं आणि मास्तरांचं एकत्र झालं होतं, आणि त्या वाक्यानंतर घरात जे जे होतं ते सगळं टेबलावर आलं होतं. खड्डे कधीच संपले होते, लोक अजून रांगेत उभे होते. शेवटच्या पायरीवर बाई पुन्हा थांबल्या. "हा तर टोमॅटो आहे."

"तो माझा," खाला तामू म्हणाली. "त्यालाही राहवलं नाही."

बाईंनी वही मिटली. त्या रागावल्या नव्हत्या, थकल्या होत्या. नियमच तसा होता, उपटलेलं पीक बाद, वाढीव पीक जप्त, सगळं जाळायचं. "पण कारण काय लिहू मी?" त्यांनी विचारलं. "चोरी लिहिली तर मास्तर अडकतात. वारा लिहिला तर माझी नोकरी जाते. हे सगळं उपटलं कोणी, आणि का?"

पोलिसांसमोर खरं बोलायची सवय तिथे कुणालाच नव्हती. मास्तर खड्ड्यांकडे बघत उभे होते. उन्हाळाभर घेतलेली हजेरी, वाकलेली रोपं आणि म्हाताऱ्याचा तो शब्द, सगळं गेलं होतं, आणि ते वाकून एक कलंडलेली काडी सरळ करू लागले.

तेवढ्यात बा हद्दू काठी टेकत उठले. उठताना त्यांच्या जलाब्याखालून एक रोप खाली पडलं, ते त्यांनी उचलून बाईंच्या हातात दिलं.

"लिहा," ते म्हणाले. "मी उपटलं. मी पहिला हात घातला आणि मीच सगळ्यांना ओरडून सांगितलं. मुफद्दलचं पीक आहे, वाचवा म्हणालो. असं पीक ह्या डोंगरात मी पाहिलं नाही, बाईसाहेब. डोळ्यांदेखत पोलिसांच्या हाती कसं जाऊ देणार? हद्दू वल्द अम्मार नाव माझं. लिहा."

जमादाराने टोपी काढून डोकं खाजवलं. त्याच्या बापाने चाळीस वर्षं ह्या म्हाताऱ्याकडून एक कबुली काढायचा प्रयत्न केला होता आणि ती न मिळवताच निवृत्त झाला होता. रहिमोने ओढणीच्या टोकाने डोळे पुसले. मास्तरांना मात्र सगळ्या वाक्यातला एकच शब्द ऐकू आला होता आणि ते तो मनातल्या मनात पुन्हा पुन्हा ऐकत होते.

बाईंनी 'गैरसमज' असं लिहिलं. वाढीव रोपांचा एक बारीकसा गुन्हा मास्तरांच्या नावावर पडला. मग शिपायाने ढीग करून पेटवला, आणि गाव त्वरेने वाऱ्याच्या दिशेला जाऊन बसलं. थोड्या वेळाने शिपायाला हसू येऊ लागलं. जमादार टोमॅटोच्या रोपाची माफी मागत होता. नवाल बाईंनी रहिमोच्या हातची बिसारा चार वाडगे खाल्ली आणि पाचव्याला विचारलं की ही इतकी हिरवी का आहे. आणि मुफद्दल मास्तर, जन्मात ज्यांनी विडी ओढली नव्हती, धुराच्या मधोमध उभे राहून काड्यांची हजेरी घेत होते. "नंबर सतरा! गैरहजर? घरून चिठ्ठी आणली आहे का?"

दुसऱ्या दिवशी डोकं ताळ्यावर आल्यावर ते सासऱ्यांकडे गेले. "बा, काल तुम्ही मला नावाने..."

"पोलिसांपुढे म्हणालो ते," बा हद्दू चहा ओतत म्हणाले. "त्यांना खडू म्हणजे कोण, कसं कळणार? बस, साखर घे."

पुढच्या वर्षी मास्तर पुन्हा कचेरीत गेले. कारकुनाने विचारलं, "गुन्हे?" मास्तर हळूच म्हणाले, "एक." कारकुनाचा चेहरा खुलला. "हां, आता कसं! मग रहिवासाचा दाखला नको."

पीक पुन्हा तरारून आलं. ह्या वेळी बाई पोलिसांच्याच जीपने येणार होत्या, म्हणून मोजणीच्या दिवशी मास्तर पुलावर गेलेच नाहीत. अख्ख्या गावाला त्यांनी बांधावर ओळीने बसवलं, हाताची घडी, तोंडावर बोट. स्वतः छडी घेऊन पिकात उभे राहिले. वरच्या घरात राहिलेल्या खाला तामूकडून परात न वाजवण्याची शपथ घेतली होती. पण जीप तिसऱ्या वळणावर आली आणि शपथ घेतली होती खालाने, तिच्या हातांनी नव्हे. परात वाजली.

गाव थरथरलं, पण बसून राहिलं. अल्लालने दोन्ही हात बुडाखाली दाबून धरले. इमामांनी डोळे मिटले. परात वाजतच होती, आणि आज पहिल्यांदाच ती कोणासाठी वाजते आहे ते मास्तरांना पोटातून कळत होतं. जीपमध्ये नवाल बाई आहेत हे त्यांना ठाऊक होतं. परवाना खिशात होता. त्यांनी स्वतःला हे सगळं समजावून सांगितलं आणि त्यांचं सांगून संपायच्या आत छडी खाली पडली होती. मुफद्दल मास्तर दोन्ही हातांनी स्वतःचं कायदेशीर पीक उपटत सुटले होते.

"अहो!" रहिमो ओरडली.

बा हद्दू क्षणभर जावयाकडे बघत राहिले. मग त्यांनी काठी फेकून दिली आणि जलाबा गुडघ्यापर्यंत खोचत पिकात उडी घेतली.

"मुळासकट रे, मुफद्दल!" म्हातारा आनंदाने ओरडत होता. "अरे, मुळासकट!"